रोज पाणी घालूनही कुंडीतलं झाड माना टाकतंय? आधी माती उकरून बघा

फेब्रुवारी सरला की गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं कानावर येतं. "काकू, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेय, तरी वांगं मान टाकतं. मिरची तर वाढायचं नावच घेईना." कुणी सांगतं पाणी वाढव, कुणी सांगतं डीएपीचं रासायनिक खत टाक. दोन्ही करून होतं, झाड आणखी मलूल पडतं, शेवटी उपटून फेकलं जातं. पुढच्या वर्षी त्याच कुंडीत, त्याच मातीत नवं रोप. परभणी असो, लातूर असो की बीड, गोष्ट तीच.

माझं सरळ म्हणणं आहे: पाणी कमी पडत नसतं. ते मुळांपर्यंत पोचत नाही, आणि जेवढं पोचतं तेवढं खारं असतं. काळी माती आणि बोअरचं पाणी यांचं शेतात कसंबसं जमतं, बारा इंची कुंडीत अजिबात जमत नाही. खत, औषध, फवारणी या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

सकाळी सातला गच्चीवर जा

दुपारी दोनला झाडाकडे बघून काही ठरवू नका. बेचाळीस अंशांच्या उन्हात वांगं, दोडका, भोपळा यांची मोठी पानं लोंबणारच. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून झाड पानं खाली सोडतं. ऊन उतरल्यावर ते आपणहून उभं राहिलं तर त्याला काहीही झालेलं नाही. रात्रभराच्या गारव्यानंतर सकाळीसुद्धा पानं लोंबलेलीच असतील, तेव्हा मात्र गडबड आहे.

मग खुरपं घ्या आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून अर्धी वीत खोल उकरा. बहुतेकांना वरचा बोटभर थर ओला आणि त्याखाली ढेकळासारखी कोरडी माती सापडते. ओलावा बघायला वरून बोट टेकवतात, ते ओलं लागतं आणि माणूस निश्चिंत होतो. दुसरी खूण म्हणजे पाणी ओतल्याबरोबर तळाच्या भोकातून भळाभळा बाहेर येणं. लोक याला 'निचरा चांगला आहे' म्हणतात. चांगल्या मातीतून पाणी सावकाश झिरपतं. लगेच बाहेर आलं तर ते मातीत शिरलेलंच नसतं, कडेनं निघून गेलेलं असतं.

कारण आपल्या मातीच्या स्वभावात आहे. मराठवाड्याची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. रानात त्या भेगा पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी खोलवर नेतात, तिथं त्यांचा उपयोगच होतो. कुंडीत माती आकसायला लागली की चहूबाजूंनी कडा सोडते, बादलीतून काढायला सुटलेल्या गुळाच्या ढेपेसारखी. मग तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून तळाशी जातं आणि ढेप आतून कोरडीच राहते. मुळं ढेपेत असतात.

आज काय करायचं

कुंडी उचलण्याजोगी असेल तर पसरट टबात ठेवा, टबात कुंडीच्या पाऊण उंचीपर्यंत पाणी भरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. अर्धा तास पुष्कळ होतो. काढून निथळू द्या. टबातलं पाणी वाया जात नाही, दुसऱ्या कुंडीला चालतं.

जड कुंडीला किंवा ड्रमला छत्रीची जुनी काडी घेऊन मातीत पाच-सात ठिकाणी खोल भोकं पाडा, मुळांना जपून. कडेच्या फटीत चाळलेलं गांडूळखत भरून दाबा. मग तांब्याभर पाणी हळू ओता, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तांब्याभर, पुन्हा थांबा. एकदम बादली रिकामी करण्यापेक्षा तेवढंच पाणी तीन हप्त्यांत दिलं तर माती ते धरते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात 'कुंड्यांना दुप्पट पाणी घाला' असा सल्ला द्यायला जीभ उचलत नाही, आणि त्याची गरजही नाही. आहे तेच पाणी जागेवर पोचलं तरी झाड सावरतं.

वर दोन इंच आच्छादन घाला. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळका पाला, जे हाताशी असेल ते. एक ध्यानात ठेवा, भुसकट बुंध्याला चिकटवू नका, तिथं ओल राहून खोड कुजतं.

माती बदलायची ती अशी

वरचं सगळं मलमपट्टी आहे. खरा इलाज मिश्रण बदलण्यात आहे, आणि तो हंगाम संपला की करावा, फुलावर आलेलं झाड उपटून नव्हे.

शेतातून पोतंभर 'कसदार' काळी आणून कुंडीत भरणं ही इकडची सर्वांत महागात पडणारी फुकट गोष्ट. काळी माती घ्यायचीच तर चौथा हिस्सा घ्या. एक घमेलं काळी किंवा मुरमाड माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा नीट कुजलेला पालापाचोळा, एक घमेलं जाड वाळू किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, वर दोन मुठी निंबोळी पेंड. विटांचे तुकडे बांधकामावर फुकट मिळतात, पण सिमेंट लागलेले घेऊ नका; आपली माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, त्यात सिमेंटचा चुना नको. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी एकदा-दोनदा फेकून द्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. काळ्या मातीत नुसती दोन मुठी वाळू मिसळली तर ती भुसभुशीत होत नाही, विटेसारखी घट्ट होते.

शेणखताबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथं फसवणूक फार होते. हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल, गरम लागत असेल, तर ते कुजलेलं नाही. असं खत कुंडीत तापतं आणि मुळं भाजतं. त्यात हुमणीच्या पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्याही येतात. हुमणी मुळं कुरतडते, वरून झाड नुसतं सुकलेलं दिसतं आणि दोष पाण्यावर जातो. खत ओतताना हातानं पसरून बघितलं तर अळी लगेच दिसते.

कुंडीच्या तळाला खडीचा थर देण्याची रीत सोडून द्या. जुनी आहे, सगळीकडे सांगतात, पण बारीक मातीखाली जाड खडी आली की पाणी त्या सीमेवर अडतं आणि मातीचा खालचा भाग उलट चिंब राहतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा नायलॉनच्या जाळीचा चौकोन पुरे. आणि कुंडी स्लॅबवर थेट टेकवू नका. दोन विटांवर ठेवली की भोक मोकळं राहतं आणि तापलेल्या स्लॅबचा चटकाही कमी लागतो.

कुंडी केवढी हवी? मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा-आठ इंच खोली चालते, जुना टब, फळांचा क्रेट, काहीही. मिरची, वांगं, टोमॅटो यांना किमान बारा बाय बारा इंचाची पिशवी, म्हणजे साधारण बावीस लिटर माती. पंधरा लिटरचा तेलाचा डबा मिरचीला चालून जातो, टोमॅटोला उन्हाळ्याच्या तोंडावर अपुरा पडतो. अर्धा ड्रम माती भरून ओला झाला की दीड क्विंटलच्या पुढे जातो. स्लॅब असेल तर भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवा. जुन्या वाड्याच्या माळवदावर ड्रम नकोच.

पांढरा थर

कुंडीच्या काठावर, मातीवर, तळाच्या ताटलीत पांढरी पूड जमते ती बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. महिन्यामागून महिने ते साठत जातात, मातीतल्या ओलाव्यातलं मीठ वाढतं आणि भिजलेल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा तांबूस जळतात, टोकं करपतात. माती ओली आहे, वास नाही, मुळं पांढरी आहेत आणि तरी झाड मलूल, असं असेल तर संशय इथंच घ्या.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र बऱ्याच घरी फिल्टरमुळे असतंच. त्यानं बोअरचं पाणी मोजा. अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनाच्या निकषांप्रमाणे लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर काळजी नाही, २००० च्या वर गेलं तर ते पाणी बहुतेक पिकांना घातक. मधल्या पट्ट्यात पीक निवडून लावावं लागतं. घेवडा, गाजर, कांदा यांना थोडंही मीठ सोसत नाही. गवार आणि चवळी पुष्कळ सोसतात, आणि दोघी उन्हालाही दबत नाहीत. बोअर खारं असेल तर उन्हाळ्यात डोळे झाकून गवार-चवळी लावा, असं मी नव्यानं लावणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

साठलेले क्षार काढायचा एकच मार्ग, गोड पाण्यानं धुणं. कुंडी जेवढ्या लिटरची, त्याच्या दुप्पट पाणी हळूहळू वरून सोडायचं आणि खालून वाहू द्यायचं. उन्हाळ्यात हे परवडत नाही. म्हणून मृगाच्या सरी सुरू झाल्या की कुंड्या आडोशाला न ठेवता उघड्यावर काढा, ताटल्या काढून टाका आणि एक-दोन मोठे पाऊस त्यांच्यावरून जाऊ द्या. धुतल्यावर अन्नद्रव्यंही वाहून जातात, म्हणून नंतर दोन मुठी गांडूळखत. पत्र्यावरचं पाणीही धरून ठेवा. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद लिटरच्या आसपास पाणी पन्हळीतून येतं. पहिल्या पावसाचं धूळकट पाणी सोडून द्यायचं.

घरातलं कुठलं पाणी चालतं, हाही नेहमीचा प्रश्न. एसीचं थेंब थेंब पडणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं चालतं. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र कुंडीला नको. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून लोक नेमकं तेच घालतात. त्यानं अंगण धुवा, फरशी पुसा. कपड्यांच्या साबणाचं पाणीही नको.

ज्याला भलतंच नाव मिळतं ते

टोमॅटोचा बूड काळा पडून खपली धरतो. लगेच कुणीतरी सांगतं, कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं घाला. खरं तर आपल्या मातीत चुनखडी खच्चून आहे, बोअरच्या पाण्यातही चुनाच आहे. कॅल्शियम फळाच्या टोकाला पोचतं ते पाण्याबरोबर, आणि एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब अशी पाळी झाली की ते पोचत नाही. पाणी एकसारखं द्यायला लागा, आच्छादन घाला. लागलेली काळी फळं सुधारत नाहीत, पुढची चांगली येतात. टरफलं कुजायला महिनोन् महिने लागतात, तोवर टोमॅटोचा हंगाम उलटतो.

कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, हे लिंबाला आणि मिरचीला हमखास होतं. इथंही खताची कमतरता नसते. चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास गेला की लोह मातीत असून मुळांना मिळत नाही. युरिया टाकून काही होणार नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला दोन-तीन ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, ताजं करून संध्याकाळी पानांवर फवारा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. ही तात्पुरती सोय. शेणखत आणि पावसाचं पाणी मिळत गेलं की कुंडी हळूहळू सुधारते.

एप्रिल-मेमध्ये टोमॅटोची फुलं गळली तर मात्र कुणाचाच दोष काढू नका. दिवसा पस्तीस आणि रात्री चोवीस अंशांच्या वर पारा राहिला की टोमॅटोची फळधारणा बिघडते. आपल्याकडं दिवसाचा पारा चाळिशी कधीच ओलांडतो. टॉनिक, मीठ, ताक, काही फवारलं तरी फळ धरणार नाही. टोमॅटोचं रोप गणपतीनंतर लावा, हिवाळाभर खा, मार्चमध्ये काढून टाका. ज्यांना उन्हाळ्यात काहीतरी हिरवं हवंच असतं त्यांनी भेंडी लावावी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला प्रतिकारक म्हणून काढलेलं 'परभणी क्रांती' वाण कुंडीतही चांगलं येतं. पावसाळ्यात अंबाडी आणि तांदुळजा, दिवाळीच्या मागंपुढं मेथी, पालक, चुका. नवशिक्यानं यातलं काहीही निवडावं, फुलकोबी-गाजर पहिल्या वर्षी नकोत.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, थोडक्यात: पानं वर वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेली, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. झाड तहानलेलं असताना फवारलं तर पानं जळतात.

फळझाडांचं

सगळ्यांना लिंबू हवं असतं आणि सगळ्यांचं लिंबू रुसतं. लिंबूवर्गीय झाडांना मीठ सोसत नाही, वर आपला चुना. पावसाचं किंवा नळाचं गोड पाणी वर्षभर देता येत असेल तरच लिंबू लावा, आणि बियाचं नव्हे, कलमी. नुसतं बोअर असेल तर अंजीर किंवा डाळिंब घ्या. दोन्ही थोडंफार खारं पाणी चालवून घेतात, दोघांना ऊन आवडतं, अर्ध्या ड्रममध्ये मावतात. बीड-बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळही ड्रममध्ये राहतं, पण उन्हाळ्यात पानं झाडतं. ते मेलं समजून उपटू नका.

मोठ्या ड्रममध्ये न रंगवलेलं मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून झाकण ठेवलं तर ते झिरपून मुळांना मिळतं, दोन दिवस गावाला गेलात तरी निभावतं. खाऱ्या पाण्यानं त्याची छिद्रं बुजतात, म्हणून पाणी उतरायचं मंदावलं की मडकं बदला. काळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमला बाहेरून पांढरा रंग द्या. पश्चिमेच्या बाजूला ५० टक्क्यांचं शेडनेट बांधा, सगळ्या गच्चीवर नको. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तरी मधल्यांना कडेच्यांची सावली मिळते.

हे सगळं करूनही सकाळी झाड लोंबतंय

मग मुळं बघायलाच हवीत. झाड सोडवून काढा. मुळं तपकिरी, गिळगिळीत आणि वास मारणारी असतील तर पाणी जास्त झालंय किंवा भोक बुजलंय. भोक मोकळं करा, सडकी मुळं कापा, कोरड्या मिश्रणात लावा, चार दिवस सावलीत ठेवा. जगलं तर जगलं.

मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. टोमॅटो, भेंडी आणि वांग्यावर हे नेहमी सापडतात. मुळं ठीक दिसत असून टोमॅटो किंवा वांगं हिरवंगारच एकाएकी कोलमडलं असेल तर बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. थोड्या वेळात दुधाळ धागा खाली सुटला तर जिवाणूंची मर. या दोन्हीत झाडावर इलाज करत बसू नका. झाड उपटून घराबाहेर फेका, कंपोस्टात टाकू नका, खुरपं धुऊन घ्या.

त्या कुंडीतली माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका. मे महिन्यात ती गच्चीवर चार बोटं जाड पसरा, ओली करा, पारदर्शक प्लॅस्टिकनं झाका, कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच उन्हात राहू द्या. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर निंबोळी पेंड आणि गांडूळखत मिसळून त्यात पहिला हंगाम मेथी किंवा कोथिंबीर घ्या. टोमॅटो, वांगं, मिरची त्या मातीत दोन वर्षं तरी लावू नका.